हात राखून

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्याला मी दूध उतू गेलेलंसुद्धा सांगते. चार वर्षं झाली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला जुनं लाकूड घासायचा नाद लागला. हडपसरच्या आमच्या सोसायटीत कुणाची बागेतली खुर्ची उन्हापावसाने काळी पडली की ती माझ्याकडे यायची. पॉलिश पेपर, तेल, पुन्हा पेपर — आणि आतलं सागवान वर आलं की मला कोण आनंद. गर्व म्हणा हवं तर. होताच.

तिसऱ्या मजल्यावरच्या नेनेकाकांनी त्यांच्या गच्चीतला बाक दिला. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. देताना एवढंच म्हणाले, "मीनाताई, हात राखून घासा."

मला झोंबलं. हात राखून? म्हणजे मी काय लाकूड खाते? मूळचा शनिवार पेठेतला माणूस, टोमणा मारल्याशिवाय बोलायचा नाही — असं मीच ठरवून टाकलं. विचारलं का? नाही. उलट बाकाच्या उजव्या हातावर बारीक आडव्या खाचा होत्या, तिथेच इरेला पेटून दोन दिवस घासत बसले. अगदी गुळगुळीत केलं.

काका आले. त्या हातावरून त्यांनी बोटं फिरवली. परत फिरवली. "हा हात राखा म्हटलं होतं ना? हिच्या बांगड्यांच्या खाचा होत्या त्यावर."

खुर्चीचा हात, बाकाचा हात — इतका साधा शब्द, आणि मी जन्मभर मराठी शिकवलेली बाई. चुकले, म्हणायचं ना? तोंडातून काय आलं — "वाळवी होती, काका. काढावंच लागलं." इतकं सहज आलं, की माझं मलाच ऐकून धक्का बसला. मी अशी आहे?

काका उलट मलाच म्हणाले, "बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. बाकाशेजारी, पत्र्याखाली, काकूंचं शिवणाचं टेबल असायचं. त्यालाही वाळवी लागली असणार, घरभर पसरायला नको, म्हणून ते कचऱ्याच्या गाडीत द्यायचं ठरवलं होतं त्यांनी. एकट्याला उचलत नव्हतं.

तेव्हाही बोलता आलं असतं. एक बाजू त्यांनी धरली, दुसरी मी. जिन्याच्या वळणावर टेबल तिरकं झालं आणि त्याची खालची बाजू माझ्या डोळ्यांसमोर आली. खणखणीत लाकूड. एक भोक नाही. "सावकाश हं," काका म्हणाले. मी तिन्ही मजले उतरले.