वावरातलं जहाज

मेडशीच्या स्टॉपवर अकोल्याची एसटी आली तेव्हा आई माझ्याशी नाही, थैलीशी बोलत होती. ठेचा सांडेल, चिवडा खाली ठेव, लोणच्याची बरणी उभीच धर. बाबांनी बॅग वर टाकली आणि म्हणाले, "खिडकीपाशी बसू नोको, वारा लागते." पोरगी जपानला निघालेली आणि यांना काळजी अकोल्यापर्यंतच्या वाऱ्याची. रडलं कोणीच नाही. आमच्याकडे निघणाऱ्या माणसामागे रडत नाहीत, अपशकुन होतो. रडायचं ते भेटल्यावर. सासरहून लेक आली की बाया तिच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडतात, की नव्या माणसाला वाटावं घरात कोणी गेलं. माझा धाकटा भाऊ गज्या तेवढा खिडकीखाली येऊन म्हणाला, "ताई, ते जहाजवाले काय बोलतेत ते समजलं का पयले मले सांगजो."

जहाजवाले कोण, ते तुम्हा गावच्यांना ठाऊक नसेल, कारण आम्ही कोणाला दाखवलंच नाही. पुण्याच्या आत्याचा मुलगा कंपनीच्या कामाने जपानला जाऊन आला होता. त्याने आपला जुना गेम गज्याला दिला. हातात धरायचा, आणि मागचं झाकण उघडलं की साबुदाण्याच्या पापडीएवढी चकती आत बसायची. सोबत एका जुन्या जपानी कार्टून मालिकेच्या चार चकत्या होत्या. मोठं जहाज, पण पाण्यातलं नव्हे, आभाळातलं. आत माणसं, म्हाताऱ्या, लेकरं आणि सदा चिडलेला एक कप्तान. बोलणं सगळं जपानी. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

हरभऱ्याला घाटे धरले की रविवारी वांदरं हाकलायचं काम आम्हा दोघांकडे असायचं. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून वावरात डोक्यावर गोधडी घेऊन बसायचो. बोलणी गज्या लावायचा. कप्तानाने तोंड उघडलं की हा म्हणे, "काहून बे, डिझल काहून नाई भरलं?" म्हातारी बोलायला लागली की बारीक आवाजात, "माय वं, मेडशीचा फाटा मांगं गेला काय?" मी हसून हसून लोळायची. तेवढ्यात वांदरं धुऱ्याकडचा, बांधालगतचा पट्टा साफ करून जायची. बाबा म्हणायचे, "राखन करत नाई हे लेकरं, वांदरांले पंगत देतेत."

गोष्ट काय आहे ते आम्हीच ठरवून टाकलं होतं. पहिल्याच चकतीत बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, गाठोडी इकडून तिकडे जातात. आम्हाला शंकाच आली नाही. भेट झाली, माणसं गावी पोचली, म्हणून रडतात. मग पुढच्या चकत्यांत जहाज पुन्हा आभाळात कसं? गज्याचं उत्तर तयार होतं, "दुसऱ्याईले आनाले गेलं." म्हणजे आमचं जहाज माणसं घरी पोचवत फिरायचं, आणि आम्हाला ते फार आवडायचं.

आता मी नागोयाच्या पलीकडे एका गावात म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. इकडे याला काइगो म्हणतात. शिफ्ट आहे, ओव्हरटाइम आहे, कोनबिनीतला, म्हणजे रात्रंदिवस उघड्या दुकानातला, गार भाताचा गोळा आहे. तुमच्यापैकी जे पुण्याला, सुरतेला, दुबईला गेले त्यांना मी काय सांगते ते कळेल: सगळं ठीक आहे आणि जीव थाऱ्यावर नाही. सुट्टीच्या दिवशी मी धड झोपत नाही की धड बाहेर जात नाही. चहा मांडते, विसरते, दुकानात जाते, काही न घेता परत येते. मेडशीत होते तेव्हा अकोल्याची एसटी दिसली तरी पाय शिवशिवायचे. इथे आले तरी त्या पायांना थारा मिळाला नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं आई म्हणेल.

यंदा पाडव्याच्या आधी गज्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याने तो गेम शोधून काढला होता, चार्जर कुठून तरी जुळवला होता. फोनसमोर धरून म्हणाला, "ऐक आन् सांग." तीच पहिली चकती. चित्र अंधुक होतं, पण शब्द स्वच्छ. त्या बाया रडत होत्या आणि म्हणत होत्या, आता काही आपली भेट नाही. लेकरं विचारत होती, परत कधी यायचं. आणि तो चिडका कप्तान म्हणत होता, मागे पाहू नका. जहाज गावी पोचलंच नव्हतं. ते गाव सोडून निघालं होतं.

गज्या म्हणाला, "सांग ना वं." मी सांगितलं. तो हसला. "मले माहीत आहे. वर्षभर अकोल्याले जपानीचा क्लास करून राह्यलो. परीक्षा पास झालो. तिकडची कंपनी घ्याले तयार आहे." मग म्हणाला, "येऊ काय?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. विचारायचं होतं तर सरळ विचारायचं, जहाज कशाला आणलं मधे? पण राग जहाजाचा नव्हता. बाबांचे गुडघे गेलेत. गज्या आला तर पाडव्याला वावर मक्त्याने दुसऱ्याला कसायला द्यावं लागेल, आणि आई-बाबा दोघंच घरात. मी बाबांशी फोनवर भांडू शकत होते, दिवाळीला येणं टाळू शकत होते, कारण गज्या तिथे होता. मी ज्याला घर म्हणत होते ते घर तोच सांभाळत होता, आणि मी इथे बसून घराची आठवण काढत होते. "नको येऊ" म्हणायचा मला काय अधिकार? मी गेले तेव्हा त्याने कुठे अडवलं होतं?

आठवडाभर मी त्याचा फोन उचलला नाही. कामावर एका आजीला चहाऐवजी गरम पाणीच दिलं, तिने ते मुकाट्याने पिऊन टाकलं. शेवटी मीच फोन लावला. "तू निंघ गज्या. मी येतो तिकडं." माझंच बोलणं माझ्या कानाला परकं वाटलं, पण मागे घ्यावंसं वाटलं नाही. गज्याच्या मागून बाबांचा आवाज आला, "आमी काय म्हातारे झालो काय? कोनी येऊ नोका." मग आईने फोन हिसकला.

"किती दिसांसाठी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आधी येते, मग पाहू.

"पाहू-बिहू नाई," आई म्हणाली. "पाहुनी बनून येत असशीन तं तिकडंच बरी. पाहुनीले रोज पोया-भाजी कोन करून घालीन? येशीन तं राह्याले ये."

गेल्या इतक्या वर्षांत मला असं कोणी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "राह्याले येतो."

"मंग तुह्या बापाले सांगा लागते," आई म्हणाली, "वावर कोनाले देऊ नोको म्हनून." आणि फोन ठेवून दिला.