काढून दाखवा

कुंदाताई मेश्राम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसलो होतो. फोन त्यांच्या यजमानांचा, अशोकभाऊंचा. ‘कुंदा गेली, भाऊ,’ एवढंच ते म्हणाले आणि मी म्हणालो, ‘हाव.’ फोन ठेवला, पोळीचा घास मोडला, आणि मग कुठे डोक्यात शिरलं की आपल्याला काय सांगितलं गेलंय... आमच्या नागपूरकडच्या माणसाच्या तोंडात हे ‘हाव’ बसलेलंच असतं. समजलं तरी हाव, नाही समजलं तरी हाव. कुंदाताईंची सगळी नोकरी या एका शब्दाशी भांडण्यात गेली, आणि त्यांच्या जाण्याच्या बातमीलाही मी तेच उत्तर दिलं.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना आहे. मी प्रॉडक्शनला, त्या पर्सोनेलला. हल्ली त्याला एचआर म्हणतात, काम तेच. आम्ही दोघं तिथेच पिकलो. त्या कन्हानहून यायच्या, मी मूळचा कुहीकडचा, आता वाडीत राहतो. साहेब लोकांनी बोलावं, फळ्यावर नोटिशीवर नोटीस चिकटवावी, कामगारांनी हाव म्हणावं आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं, असा आमचा संसार चालला होता. मध्ये एकदा बाहेरगावचा सल्लागार आणला. माणसांचा कंपनीत जीव कसा गुंतवायचा हे त्याने दिवसभर पडद्यावर दाखवलं आणि जाताना सगळ्यांना कंपनीच्या नावाची टोपी दिली. जीव होता तिथेच राहिला.

मग पत्रा दाबायच्या प्रेसवर साचा बदलताना गजानन नावाच्या आमच्या कारागिराची बोटं चेंगरली. साचा बदलायची नवी पद्धत आदल्याच आठवड्यात सगळ्यांना उभं करून समजावली होती. सगळे हाव म्हणाले होते, गजाननही. मालक संतापले, पोरगा खोटं बोलला म्हणाले. केबिनमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. कुंदाताई तेवढ्या बोलल्या.

‘खोटं नाही बोलला जी तो. समजलं का म्हणून विचारलं त माणूस हावच म्हणन. नाही म्हटलं त आपण त्याले येडा समजतो.’

दुसऱ्या दिवशी प्रेसजवळ एक काळा फळा आला. त्यावर नोटीस नाही, काही नाही. खडू आणि डस्टर. साचा बदलताना कोण कुठे उभा राहील, बटण कोण बंद करेल, हात कधी आत जाईल, हे ज्याला जसं समजलं तसं त्यानं काढून दाखवायचं. बोलायचं नाही, काढायचं. सगळे हसले. बालवाडी उघडली बाईंनी, असं आम्ही म्हणायचो, मी सगळ्यात मोठ्यानं. पण चित्रं निघायला लागली तसं हसू आटलं. काडीची माणसं, खोक्यासारखी मशीन, पण दोन चित्रं काही सारखी निघेनात. सूचना एक आणि प्रत्येकाच्या डोक्यात कारखाना वेगळा! कुंदाताई कुणाचं चित्र स्वतः दुरुस्त करायच्या नाहीत. शांतपणे डस्टर फिरवायच्या आणि म्हणायच्या, ‘पुन्हा काढा.’ बरोबर येईपर्यंत सुटका नाही. माझंही पुसलं, चारचौघांत. तेव्हा मला राग आला होता, आणि खरं सांगतो, थोडा अजून आहे.

पुढे त्या फळ्याचा नादच लागला. उशिरा येणाऱ्यांना मेमो देऊन आम्ही थकलो होतो, तर त्यांनी सगळ्यांना आपली सकाळ काढायला लावली. घरून निघणं, मोटरसायकल, कंपनीची बस... आणि प्रत्येकाच्या चित्रात शेवटी एक लांबलचक रांग. माणसं वेळेवर गेटात येत होती आणि हजेरीच्या अंगठ्याच्या एकुलत्या एका मशीनपुढे उभी राहून लेट ठरत होती. ती रांग आम्ही साहेब लोक रोज काचेतून बघत होतो. दुसरं मशीन बसलं, मेमो बंद झाले. पॅकिंगच्या बायांनी उन्हाळ्यात आपल्या खात्याचं चित्र काढलं, त्यात सगळे पंखे पुरुषांकडे तोंड करून. पंखे वळवले. यानं कारखान्याचा स्वर्ग झाला असं मी म्हणणार नाही. कुरकुर राहिली, भांडणं राहिली. फक्त माणसं एकमेकांना विचारू लागली, शिफ्ट सुटल्यावर पाच मिनिटं फळ्याशी थांबू लागली. आमच्यासारख्या ठिकाणी तेही पुष्कळ आहे बाप्पा.

गेल्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि रिपोर्ट समजावून घ्यायला जायचं तेव्हा गाडी माझी होती म्हणून मीही आत बसलो. डॉक्टर चांगला होता, सावकाश बोलला, पण काय बोलला ते मला विचाराल तर सांगता येणार नाही. अशोकभाऊ खाणीतून रिटायर झालेला, धिप्पाड, कमी बोलणारा माणूस. प्रत्येक वाक्याला हाव डॉक्टर, हाव डॉक्टर. कुंदाताईंनी सगळं ऐकलं आणि टेबलावरचा कागद डॉक्टरांपुढे सरकवला. ‘काढून दाखवा.’ डॉक्टरांनी पोट काढलं, गाठ काढली, ती कुठे कुठे पसरली ते काढलं. मग पेन खाली ठेवलं. आता औषधं त्रास कमी करण्यापुरती, हे त्या चित्रावरून मलाही कळलं. कुंदाताईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि डॉक्टरांचे आभार मानले.

परतताना अशोकभाऊ पुढच्या सीटवर बसून सांगत होते की औषध सुरू झालं ना, दिवाळीपर्यंत ठणठणीत होते का नाही पाहा. मी आरशात पाहिलं. कुंदाताई खिडकीबाहेर बघत होत्या. कन्हानला उतरल्यावर भाऊ कुलूप काढायला पुढे गेले, तेव्हा त्या माझ्यापाशी थांबल्या. ‘हटवारभाऊ, अख्ख्या कंपनीले समजावलं म्या. यायले कसं समजावू? माह्या मागं हा माणूस गडबडून जाईन जी.’ त्यांना मरणाची काळजी नव्हती, या माणसाचीच होती. पुढचे काही महिने मी जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा त्या थकलेल्या डोळ्यांत तोच प्रश्न असायचा, आणि मी, दुसरं काय, हवापाण्याच्या गोष्टी करून उठायचो. मूलबाळ नाही. घरात दोघंच.

तेरवीसारखं त्यांच्यात काही नसतं. बुद्धवंदना झाली तेव्हा गर्दी होती. म्हणून परवा सुटी बघून निवांत गेलो. अशोकभाऊ वाळले आहेत. घर मात्र लख्ख. मला राहवलं नाही. विचारलं, शेवटी काही बोलल्या का तुमच्याशी... म्हणजे, पुढचं?

‘बोलली ना. एक दिवस हाती कागद देल्ला. म्हणे, मी गेल्यावर तुमची सकाळ कशी राहीन, काढा.’

‘मग?’

‘काढली. खिडकी काढली, गॅस काढला, मी बसलेला काढला. अन् दोन कप.’

मी खाली बघितलं. म्हणालो, पुसायला लावलं असेल त्यांनी. पुन्हा काढा म्हणाल्या असतील.

‘नाही. लय वेळ पाहत राहिली.’ भाऊंनी चष्मा काढून शर्टाला पुसला. ‘मले समजलं होतं जी. दवाखान्यातच समजलं होतं. तिले वाटे, याले काही समजलं नाही. पण समजलं म्हणून काय एकच कप काढू? तसं मी तिले सांगितलं. मंग म्हणे, बरोबर आहे.’

कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण चुकलेल्या चित्राला ‘बरोबर आहे’ म्हणताना कुंदाताईंना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या रात्रीपासून शांत झोपायला लागल्या, असं भाऊ म्हणाले. मग ते उठून आत गेले. भांड्यांचा आवाज आला, आल्याचा वास आला. ट्रेमध्ये दोन कप घेऊन आले आणि टेबलावर ठेवले. मी एकाला हात घातला.

‘थांबा भाऊ,’ ते म्हणाले, ‘तुमचा आणतो.’