हद्दीवरचा पूल

साखरखेर्ड्याचा शकूर मिस्त्री कमानी बांधण्यात वाकबगार होता, आणि माणसं सांभाळण्यात त्याहून. म्हणून १९२६ साली हद्दीच्या नाल्यावर पूल बांधायचं ठरलं, तेव्हा दोन्ही सरकारांनी त्यालाच बोलावलं. नाल्याच्या अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई. अर्धा पूल यांचा, अर्धा त्यांचा.

अलीकडे एक गोरा इंजिनियर होता. त्याच्या तंबूत कॅलेंडर टांगलेलं, त्यावर एकतीस डिसेंबरभोवती लाल गोल. काम एक दिवस मागं पडलं की तो कडक चिठ्ठी पाठवी. पलीकडे निजामाकडून कामावर देखरेख करणारा फकीर मोहम्मद दारोगा. काम आठ दिवस रखडलं की तो शकूरला चहाला बोलावी, घरच्यांची खुशाली विचारी आणि पुलाचा विषयच काढत नसे. उशीर झाला हे कुणाला तोंडावर म्हणणं त्याला असभ्य वाटे. शकूरला चिठ्ठीची धास्ती होतीच. पण चहाची जास्त होती, कारण तिथून तो दरवेळी शरमून परते.

दिवाळी झाली, ज्वारी कापणीला आली, आणि एका सकाळी चुना-दगड वाहणाऱ्या बाया आल्याच नाहीत. साहेबानं नवे मजूर आणायचा हुकूम काढला. दारोगा म्हणाला, होळीपर्यंत थांबू.

शकूरनं दोघांचंही ऐकून घेतलं. तो थेट वावरात गेला. तिथं या बायांची मुकादम सोजराबाई ज्वारी कापत होती.

"काऊन आला मिस्त्री?" तिनं मान वर न करता विचारलं.

"बाई, किती दिवस लागतीन तुमाले?"

तिचा विळा थांबला. "हे आतापावतर कोनं इचारलंच नाही मले." तिनं बोटांवर हिशोब केला. "अकरा. बाराव्या दिवशी आमी समद्या पुलावर. तवरोक तू दगड घडून ठेव."

"नक्की?"

"हाव."

साहेबाला ही तारीख सांगितली, तेव्हा त्यानं विचारलं, "उसकी सही कहाँ है?"

"साहब, ज़बान दी है उसने," शकूर म्हणाला. साहेबानं कॅलेंडरवर त्या तारखेभोवती आणखी एक गोल काढला. दारोग्यापुढे शकूरनं तारीख उच्चारली नाही. त्या दिवशी दुपारी पुलावर या, चहा माझ्याकडून, एवढंच म्हणाला. दारोगा समजायचं ते समजला.

शेजारपाजारच्या बायांनीही कापणीला हात लावला, म्हणून सोजराबाई दहाव्या दिवशीच हजर झाली, आधीपेक्षा नऊ बाया जास्त घेऊन. गाणी म्हणत त्यांनी चुन्याची घमेली वाहिली. साहेब आधी घड्याळ पाहत होता, मग गाणं ऐकू लागला. बाराव्या दिवशी दारोगा चहाला आला, तो संध्याकाळपर्यंत गेलाच नाही. मोगलाईतून त्यानं आणखी दोन बैलगाड्या दगड मागवला.

शेवटची कमान चार जानेवारीला जुळली. साहेबानं डिसेंबरचं पान फाडलं आणि म्हणाला, "जनवरी भी अच्छा महीना है." दारोगा मोठ्यानं हसला, आणि दोघांनी प्रथमच एका सतरंजीवर बसून चहा घेतला.

पहिल्या बाजारच्या दिवशी शकूरची बायको बिलकिस पुलावरून निघाली. तिचं माहेर पलीकडे होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण हातात चप्पल न धरता माहेरी जाण्याची तिची ही पहिलीच वेळ. मधोमध थांबून तिनं खाली वाहतं पाणी पाहिलं, मागं वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि झपाझप चालू लागली.