चकचकीत कढई

"तुम रहने दो. तुम बर्तन देख लो."

आमच्या हिंदी शाळेतल्या गृहविज्ञानाच्या बाई एवढंच म्हणाल्या आणि कणकेच्या परातीकडे गेलेला माझा हात त्यांनी पट्टीनं बाजूला सारला. पट्टीनं. हातानं नाही.

आणि मी खूश. आता तेव्हाच्या त्या पोरीचं, माझंच, हसू येतं. डोक्यावर वाटीभर तेल, आत अक्कल शून्य. तिला वाटलं, बाईंचा आपल्यावर भरवसा आहे. बाकीच्या पोरी पुऱ्या लाटून राहिल्या होत्या, आणि ही बया नळाखाली बसून राखेनं कढई घासायची. मग त्याच कढईत तोंड पाहून वेणी नीट करायची. सगळ्या पोरी टेबलावर जेवत. माझ्या पुऱ्या कागदावर, बाहेरच्या पायरीवर. मी त्याचाही तोरा मिरवला. माझी वेगळी सोय.

बाबांनी सांगून ठेवलं होतं, हाती येईल ते काम असं कर का कोणाले बोट ठेवायला जागा नको. नागपूरकडून येऊन पोलाद कारखान्यात, कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनच्या धगीत उभा राहणारा माणूस. त्यांचा शब्द मी कढईवर घासत होते.

एकदा रुआबांधा वस्तीतल्या आमच्या घरी जेवताना मी ही फुशारकी मारली. बाबांचा घास हातातच राहिला.

"कणीक कोण मळते?"

"बाकीच्या पोरी."

"अन् तू कावून नाही?"

कावून नाही? खरंच, का नाही? पट्टी आठवली. कागद. पायरी. हजेरीत माझं आडनाव वाचताना बाईंचं थांबणं. आई भिंतीकडे पाहत बसली. तिला आधीच कळलं होतं.

बाबा ओरडले नाहीत. "काम चोख कर म्हटलं मी. तुह्यं काम दुसऱ्यानं ठरवावं, असं नाही म्हटलं."

घरात मॅट्रिक झालेलं कोणी नव्हतं. मला व्हायचं होतं. म्हटलं, बाई नापास करतील.

"करू दे. पुन्हा बस. मान खाली घालून पास झाली, त मले निकाल दाखवू नको."

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मी परातीत दोन्ही हात मनगटापर्यंत घातले. बाई म्हणाल्या, "फेंक दो इसे."

नाही फेकलं. पुऱ्या लाटल्या. सारा वेळ घासण्यात गेलेला, लाटता कुठं येत होतं? एकही फुगली नाही. कोणी हात लावला नाही. मी टेबलाशी बसून त्या कच्च्या पुऱ्या खाल्ल्या. पोट दुखलं. नापास झाले. पुढच्या वर्षी पुन्हा बसले, पुन्हा कणकेत हात घातला. पास झाले, मान वर ठेवून.

काल नात कॉलेजातून आली, अभिमानानं फुगलेली. "आजी, गॅदरिंगला माझ्याशिवाय बॅकस्टेज चालतच नाही. सर म्हणतात, तूच सांभाळ." स्टेजवर बोलणाऱ्या पोरी दरवर्षी त्याच. त्याच आडनावांच्या.

मला ती कढई दिसली.

"अन् तू कावून नाही?"

तिनं वही उघडली, लिहीत बसली. मग खोलीत जाऊन मोठ्यानं आपलं भाषण वाचू लागली.

कार्यक्रम उद्या आहे. ती माइक हातात घेणार, कोणाला न विचारता. खाली उतरवायला कोणी आलंच, तर पहिल्या रांगेत मी बसलेली असेन.