शेवटच्या प्रश्नाचं उत्तर

बी.एड. झालेली दोन माणसं लग्नाच्या पंगतीत शेजारी बसली की वरण वाढून होईपर्यंत त्यांचे किस्से सुरू होतात. डॉक्टर-वकिलांच्या किश्श्यांत निदान एखादा रोगी नाहीतर खुनी असतो. आमच्यात खडू असतो. तरी किस्से साठत गेले, कारण त्या अख्ख्या वर्षात साठवण्यासारखं दुसरं काही मिळालंच नाही.

मी नागपूरच्या इतवारीतल्या भांडेवाल्याची मुलगी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्याच बी.एड. कॉलेजात भूगोल आणि सामाजिक शास्त्रं शिकवायची पदवी घ्यायला गेले. माझ्या शेजारच्या बाकावर मेश्राम. कोराडीजवळच्या एका शाळेत सहा वर्षं भूगोल शिकवत होते, पण बी.एड. नव्हते. संस्थेनं सांगून टाकलं होतं, यंदा पदवी आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. घरी बायको, दोन मुली आणि आई. म्हणजे सहा वर्षं जे काम करत होते ते येतं की नाही, याची परीक्षा द्यायला ते आले होते.

परीक्षा घेणाऱ्या सरांचं नाव सांगत नाही. त्यांना नातवंडं असतील.

*

कॉलेजात पृथ्वीगोल एकच. काचेच्या कपाटात, कुलपात. पाठाला हवा असेल तर सरांकडे अर्ज करायचा. मेश्रामांना दिवस-रात्र शिकवायचे होते. सरांनी किल्ली दिली आणि बजावलं, "गोल फिरवायचा नाही. मागच्या वर्षी एकीनं फिरवला, तर स्क्रू पडला."

"सर, मंग दिवस-रात्र कशी करू?"

"तक्त्यावर करा."

मेश्रामांनी पाठाच्या दिवशी गोल टेबलावर ठेवला आणि मुलांना सांगितलं, "हे पृथ्वी आहे. हे कॉलेजची आहे, म्हणून फिरत नाही." सरांनी वहीत शेरा मारला, "साधनाचा वापर समाधानकारक."

*

क्षेत्रभेट म्हणजे मुलांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन शिकवणं. भूगोलाचा तो प्राणच, असं सरांनी आम्हांला चार तासिका सांगून लिहून घ्यायला लावलं. मग कोराडीच्या वीज केंद्राच्या भेटीचा अहवाल मागितला. मेश्राम उभे राहिले.

"सर, केव्हा जायचं? बस जाते. मी त्याच बसनं येऊन राहिलो रोज."

"जायची गरज नाही. अहवाल लिहा."

मी कोराडी तोवर पाहिलंही नव्हतं. मागच्या वर्षीच्या एकीची वही आणली आणि झक्कपैकी उतरवली. दहापैकी नऊ. मेश्रामांनी लिहिलं की राखेमुळे दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागतात, आणि कोळशाचे ट्रक गेले की वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. त्याखाली लाल शाईत, "हे कोणत्या पुस्तकातून घेतले?" दहापैकी चार.

मला त्या नवाची लाज आजही वाटते. तेव्हा मात्र पेढे वाटले होते.

*

आता सगळ्यात पवित्र नियम. पाठाची सुरुवात प्रश्नांनी करायची, आणि शेवटचा प्रश्न असा टाकायचा की मुलांना उत्तर येता कामा नये. मुलं गप्प बसली की आपण विजयी मुद्रेनं म्हणायचं, "आज आपण हेच शिकणार आहोत," आणि फळ्यावर पाठाचं नाव लिहायचं. हे झालं नाही तर पाठ झालाच नाही.

माझा पहिला पाठ सराव शाळेच्या आठवी ब वर होता. मी शेवटचा प्रश्न विचारला, "पाऊस सगळीकडे सारखा का पडत नाही?" अख्ख्या वर्गानं एकदम माना खाली घातल्या. मी इतकी हरखले की पुढचं विसरले. पहिल्या बाकावरची मॉनिटर शोभा हळूच म्हणाली, "बाई, आता फळ्यावर नाव लिवा. मंग तक्ता."

त्या वर्गाला तो पाठ देणारी मी नववी बाई होते. सुटीत शोभाला विचारलं, "तुम्हांला उत्तर येत नव्हतं?"

"येते ना बाई. पण शेवटच्या प्रश्नाले गप्प राहा लागते. नाही तर तुमचे मार्क जातेत."

माझ्या वहीत सरांचा शेरा होता, "समस्या उत्तम निर्माण केली."

*

मेश्रामांचा अंतिम पाठ त्याच वर्गावर लागला. मागच्या बाकावर सर आणि बाहेरून आलेले परीक्षक. मेश्रामांनी शेवटचा प्रश्न टाकला, "कोराडीले कोळशापासून वीज कशी तयार होते?"

शोभासकट सगळ्यांच्या माना खाली. एकच हात वर. कुंदाचा. तिचे वडील त्याच वीज केंद्रात कामाला, आणि ती कोराडीहून नागपुरात नंदनवनला मावशीकडे राहायला येऊन नुकतीच या वर्गात आली होती. तिला आमचे नियम कुठून ठाऊक!

"कोळसा दळतेत जी. मंग तो जाळून पाण्याची वाफ करतेत. वाफेनं मोठं चाक फिरते, त्याच्यानं वीज होते. अन् राख आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसते."

मेश्राम परीक्षा विसरले. तिच्या हातात खडू दिला. तिनं फळ्यावर वीज केंद्राची चिमणी काढली, मुलं प्रश्न विचारू लागली. वर्षभरात मी पाहिलेला तो एकच तास, ज्यात कोणी काही शिकलं.

सरांचा शेरा, "विद्यार्थिनीस उत्तर येत होते. पाठ नामंजूर." परीक्षकांना दया आली. दुसऱ्या दिवशी फेरपाठ द्यायला सांगितलं. पाठाचं मंजूर टाचण तेवढं एकच होतं, म्हणून तोच वर्ग, तोच पाठ.

व्हरांड्यात मेश्राम मला म्हणाले, "पोरीले येत होतं बाई. मी तिले गप्प बस म्हणू? उद्या असंच झालं तं माही नोकरी गेली."  वर्गाच्या दारात शोभा आणि कुंदा ऐकत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मेश्रामांनी विचारलं, "कोराडीले कोळशापासून वीज कशी तयार होते?" आदल्या दिवशी सगळं ऐकलेल्या त्या अख्ख्या वर्गानं माना खाली घातल्या. परीक्षकांनी मुद्दाम कुंदाला उठवलं. ती फळ्याकडे पाहत म्हणाली, "मले नाही येत जी."

सरांनी मान डोलावली आणि लिहिलं, "समस्या उत्तम निर्माण केली. उत्तीर्ण."

तास सुटल्यावर कुंदा मेश्रामांच्या मागं धावत आली.

"सर, आज मले काहीच नाही आलं. झाले ना जी तुम्ही पास?"