अजानीपासूनचा अबोला

इथे आखातात, सालमियातल्या आमच्या इमारतीत लिफ्ट अडकली तर लोक घाबरत नाहीत. आत त्यांच्यासोबत मी असलो तर घाबरतात. कारण लिफ्ट सुरू होईपर्यंत माझी एक गोष्ट संपते आणि दुसरी सुरू होते. असा हा माणूस एका दुपारी हॉस्पिटलच्या कॉटवर गप्प पडला होता आणि बायकोला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. दोष तिचा नाही. आमचा अबोला चालू होता.

सकाळीच माझी अँजिओग्राफी झाली होती. आदल्या दिवशी इजिप्शियन डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. मनगटातून हृदयापर्यंत नळी नेताना क्वचित एखादी गुठळी सुटते, मेंदूत जाऊन अडकते आणि पक्षाघात होतो. पुढचा दिवसभर चेहरा, हात, बोलणं यांत काही बदल वाटला तर लगेच सांगायचं. मी गंभीरपणे मान डोलावली, सही केली आणि जेवण किती वाजता येतं ते विचारलं.

सगळं सुरळीत झालं. उजव्या मनगटावर घट्ट पट्टा बांधून नर्स म्हणाली, हा हात हलवायचा नाही. मी इतका आज्ञाधारक की बोटसुद्धा हलवेना.

भांडण झालं ते चिपळूणच्या माझ्या थोरल्या भावावरून. त्याला कळवायचं नाही असं आमचं ठरलं होतं आणि हिने मी आत असतानाच फोन करून टाकला. एकटीच बाहेर बसले होते, धीर सुटला, असं ती सांगत होती. ते ऐकून घ्यायचं सोडून मी तिला वाटेल ते बोललो. बाहेर दुपारची अजान सुरू झाली. मी तोंड भिंतीकडे केलं. तिनेही खुर्ची वळवली.

आमच्या घरात अबोल्याचा एकच नियम आहे, जो आधी बोलेल तो हरला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, बहुतेक वेळा मीच हरलोय. त्या दिवशी हरायचं नाही असं ठरवलं होतं. सुरुवातीचा अबोला माझाच होता, हे मी शपथेवर सांगतो. तो केव्हा संपला आणि दुसरा केव्हा सुरू झाला, ते मला आजही सांगता येत नाही.

अर्ध्या तासाने तिने डबा उघडला. काही न बोलता मऊ वरणभात चमच्याने भरवू लागली. दुसऱ्या घासाला भात माझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळला. तिने पुसला. पुढचाही ओघळला. ती मुद्दाम वेंधळेपणा करतेय असं मला वाटलं. ‘पुरे आता,’ असं मी म्हणालो. म्हणजे, मला वाटलं म्हणालो.

तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

“अहो, मी हरले. बोला.”

जिंकायची एवढी सोपी संधी मला कधी मिळाली नव्हती. शब्द आत होते, अगदी ओळीने उभे होते. बाहेर आला तो नुसता घोगरा आवाज. पट्ट्याची पर्वा न करता मी उजवा हात उचलायला गेलो. तो तिथेच पडून राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती कुणाला सांगताही येईना.

ती ओरडली नाही. धावत जाऊन तिने नर्सचा हात धरून तिला आणलं. मग डॉक्टर आले, कॉट स्कॅनकडे पळू लागली. पळता पळताच डॉक्टर तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते. हे शेवटचं नीट कधी बोलले? पुढे काय करता येईल ते त्या वेळेवर ठरणार होतं.

ती हिंदीत म्हणाली, “अजान सुरू झाली तेव्हा. माझ्याशी भांडत होते. एकेक शब्द स्पष्ट होता.”

नर्सने ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली. गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला सापडली. ती काढायला या वेळी जांघेतून नळी घातली, थेट डोक्यापर्यंत. वर दिवे होते आणि मी मनातल्या मनात एकेक शब्द म्हणून पाहत होतो, कुठला हरवलाय का ते.

संध्याकाळी तिला आत सोडलं. डॉक्टर मला हात उचलायला सांगत होते आणि तो थरथरत का होईना, उचलला जात होता. मी तिच्याकडे पाहिलं.

“अगं,” मी म्हणालो. जड, बोबडं, पण म्हणालो.

पुढचा शब्द काही केल्या सापडेना. ती कॉटची दांडी धरून त्याची वाट पाहत उभी राहिली, मध्ये एक शब्दही न बोलता.