फळ्यावरची शेवटची ओळ
लेकीच्या छोट्या फळ्यावर ओलं फडकं फिरवलं की खडूचा जो वास येतो, त्याने मला लाटंबार्शातली आमची प्राथमिक शाळा आठवते. मी तेव्हा तिसरीत होते आणि चारही वर्ग मिळून आम्ही नऊच मुलं उरलो होतो. माझं अक्षर चांगलं, म्हणून व्हरांड्यातल्या फळ्यावर शाळेच्या बातम्या लिहायचं काम बाईंनी मला दिलं होतं. मागच्या डोंगरावरून पिकल्या काजूबोंडांचा वास येत होता, अशा एका सकाळी त्या हळू आवाजात सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले: शनिवारी स्नेहसंमेलन, सोमवारी निकाल, त्यानंतर शाळा बंद. "बाई, परत कधी उघडणार तेही लिहू?" मी विचारलं. "नको, एवढंच असू दे," त्या म्हणाल्या. सुट्टी लागणार म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी आई न्यायला आली, ती फळ्यापुढे उभीच राहिली. "हें कोणें बरयलें गो?" "मीच लिहिलं!" मी ऐटीत म्हटलं, पण तिने शाबासकी दिली नाही. मला वाटलं, कुठेतरी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असणार. एकेक अक्षर तपासूनही चूक सापडेना, तेव्हा बाईंना विचारलं. "काही चुकलं नाही बाय, सगळं बरोबर आहे," असं म्हणून त्या पदराने डोळे पुसू लागल्या. सगळं बरोबर असताना बाई रडतात का, या कोड्यातच मी घरी गेले. जूनमध्ये आम्हाला बसने दुसऱ्या गावच्या शाळेत नेलं, तेव्हा कुठे मला त्या ओळीचा अर्थ कळला. पण ती ओळ बाईंनी माझ्या अक्षरासाठी मला लिहायला दिली, की त्यांना स्वतःला ती लिहवत नव्हती, हे मला अजूनही उलगडलेलं नाही.